तीर्थरूप अंकल यांस

परवा लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरच्या मुलानं माझ्या हातातली दळणाची पिशवी काढून घेतली. मी दिली नव्हती, त्यानं घेतली. 'अंकल, मी धरतो ना!' पाच किलो ज्वारीचं पीठ होतं, अजून गरम होतं आणि गिरणीपासून लिफ्टपर्यंत मी ते एकट्यानं आणलं होतं. लिफ्टमध्ये शिरल्यावर मला काही करायचं नसतं आणि पिठालाही नसतं. दोघांना मोटरच वर नेते. तरी त्या चार मजल्यांत तो मुलगा पिशवी छातीशी धरून उभा, आणि मी शेजारी रिकाम्या हातांनी, हरवलेल्या चपलेसारखा. चौथा मजला आला. पिशवी परत देताना तो म्हणाला, 'जपून हां, अंकल.'

चिडावं असं त्यात काहीच नव्हतं. त्याचाच जास्त राग आला.

घरी येऊन मी माझं म्हातारपण कागदोपत्री तपासून पाहिलं. २००७च्या कायद्याप्रमाणे ज्येष्ठ नागरिक व्हायला साठ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. मला अजून अवकाश आहे. एसटीचं अर्धं तिकीट पासष्टीला आणि फुकट प्रवास पंचाहत्तरीला. बँक ठेवीवर जो अर्धा टक्का जास्त देते तोही साठीनंतर. रेल्वे पूर्वी साठीच्या पुरुषाला आणि अठ्ठावन्नच्या बाईला तिकिटात सवलत द्यायची. मार्च २०२०मध्ये तिनं ती बंदच करून टाकली. म्हणजे रेल्वेच्या लेखी देशात आता म्हातारं कुणी उरलेलंच नाही. थोडक्यात, म्हातारपणाचे दोन पैसे जिथे सुटतात तिथल्या प्रत्येक खिडकीवर मी तरणाबांड ठरतो. जिथे दमडी मिळत नाही, म्हणजे लिफ्टमध्ये, जिन्यात, मेट्रोत, मोबाइलच्या दुकानात, तिथे मात्र मला म्हातारपण विनाअर्ज मंजूर आहे. आधारकार्डाची झेरॉक्ससुद्धा लागत नाही.

या बाबतीत शहराचं आणि माझं एक जुनं भांडण आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७०ची. माझा जन्मही १९७०चाच. म्हणजे हे शहर आणि मी एका वर्गातले. या शहराला आजही सगळे 'नवी' मुंबई म्हणतात. पन्नाशी उलटून गेली, रस्त्यांना खड्डे पडले, भिंतींना ओल आली, सुरुवातीच्या इमारती पाडून पुन्हा बांधायला निघाल्या, तरी बाईसाहेब नव्याच! शेजारचं पनवेल तर याहून बिलंदर. तिथली नगरपालिका १८५२ची. एकशे चौसष्ट वर्षांची झाल्यावर, १ ऑक्टोबर २०१६ला, सरकारनं तिची महानगरपालिका केली, आमचं खारघर तिच्या ओटीत घातलं, आणि वर्तमानपत्रांत बातमी काय? 'नवनिर्मित' महापालिका! अशी सोय माणसांसाठी का नाही? पंचावन्नाव्या वर्षी एक अधिसूचना निघावी आणि दुसऱ्या दिवसापासून मी नवनिर्मित!

खरं म्हणजे माणूस वयानं म्हातारा होत नाही, हाकेनं होतो. खारघरला मी आलो २००४ साली. तेव्हा रिक्षावाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे मला 'दादा' म्हणत. दादाचा काका कधी झाला ते कळलं नाही, पण काका हे नातं निदान घरातलं असतं. काका सोबत चिवडा घेऊन येतो. मग अंकल आलं. अंकलला वय असतं, पुतण्या नसतो. आणि आता त्याच्याही वरची पायरी आलीय, 'सर'. सर म्हणणारा माणूस एक तर तुम्हाला काहीतरी विकत असतो, नाहीतर तुमचा दंड धरून तुम्हाला पायरी उतरवत असतो. 'आजोबा' मला आजवर एकदाच कुणीतरी म्हणालं. तीन वर्षांची मुलगी होती. तिच्या आईनं लगेच तिला दटावलं, 'अंकल म्हण, अंकल!' मुलीचं इतकं लागलं नाही. आईला दटावावंसं वाटलं, ते लागलं.

या उतरंडीतला मोठा धक्का मला मेट्रोनं दिला. बेलापूर ते पेंधर, अकरा स्थानकं. २०११ साली काम सुरू झालं तेव्हा मी एक्केचाळिशीचा होतो. मेट्रोत ऐटीत उभं कसं राहायचं, वरची कडी कुठल्या हातानं धरायची, याची मी मनातल्या मनात तयारीही केली होती. गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ला. साडेबारा वर्षं लागली. (सिडकोच्या हद्दीत साडेबारा या आकड्यात काहीतरी असावं, प्रकल्पग्रस्तांच्या जमिनीचा हिशेबही साडेबारा टक्क्यांचाच.) या सगळ्या गडबडीत उद्घाटनाचा समारंभ राहून गेला आणि माझं उभं राहण्याचं वयही.

आता मी तीस वर्षं हार्बर लोकलचा माणूस. हार्बरवर वय चालत नाही. तिथे माणसांच्या जाती दोनच, बसलेली आणि उभी. उभ्यानं बसलेल्याला 'कुठे उतरणार?' विचारायचं, तो वाशी म्हणाला तर त्याच्या गुडघ्यांपुढे ठाण मांडायचं, पनवेल म्हणाला तर दुसरे गुडघे शोधायचे. चौथी सीट म्हणजे अर्धं बूड टेकवायचा हक्क, आणि तो मिळाला तरी माणूस दिवसभर खुशीत असायचा. तीस वर्षांत मला सीट कुणी दिली नाही. प्रत्येक सीट मी कमावलीय. म्हणूनच मेट्रोतल्या पहिल्याच खेपेला बेलापूरच्या स्टेशनात एक मुलगी माझ्याकडे बघून उठली, तेव्हा मला वाटलं तिला उतरायचंय. गाडी सुटायची होती, दारंही लागली नव्हती. 'बसा ना, सर,' ती म्हणाली. तिच्या जीन्सला दोन्ही गुडघ्यांवर भोकं होती. वास्तविक बसायची गरज तिला होती.

'नको नको, मी उत्सव चौकालाच उतरणार,' मी म्हणालो. मला सेंट्रल पार्कला जायचं होतं. अभिमानासाठी मी तीन स्थानकं खोटं बोललो. तरी ती बसेना. माझ्यामुळे ती सीट रिकामी राहिली, आजूबाजूचे सगळे तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघू लागले. शेवटी बसलो. मग ती वाकून म्हणाली, 'सर, ही बॅग व्हिंटेज आहे ना? मी निफ्टला आहे. एक फोटो काढू?' माझी ऑफिसची रेक्झिनची बॅग, एका बाजूला चेन तुटलेली, डबा ठेवून ठेवून बुडाला फुगलेली. तिनं तिचे चार बाजूंनी फोटो काढले. मला त्यातून नीट वगळलं होतं. सीट बहुधा बॅगेलाच दिली असावी. आणि उत्सव चौक आल्यावर, आधी सांगून बसलो होतो म्हणून, मला तिच्यादेखत उतरावं लागलं. पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर उभा राहिलो. उभाच.

तिथे उभ्याउभ्या एक जुनी गोष्ट आठवली. मानखुर्दच्या पुढे गाडी नुकतीच खाडी ओलांडून वाशीपर्यंत जाऊ लागली होती, म्हणजे १९९२चा सुमार. कुर्ल्याला एक गृहस्थ चढले. टोपी, छत्री, हातात फाइल. मी उठलो आणि मोठ्या आदरानं म्हणालो, 'आजोबा, बसा.' त्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दारात जाऊन उभा राहिलो. चांगलं वागलो तरी म्हातारे खेकसतात, असं मी पुढे वर्षभर मित्रांना सांगत होतो. ते गृहस्थ तेव्हा पंचावन्नचे असतील. आज भेटले तर पाय धरीन. पण वाकलो की उठायला वेळ लागतो.

असो. भाषेकडे वळू. माझी पुतणी कॉलेजात आहे. मराठी उत्तम बोलते, फक्त मला कळत नाही. एकदा तिचा मेसेज आला, 'काका, संध्याकाळी उशिरा येईन.' मी लिहिलं, 'ठीक आहे.' पाच मिनिटांत तिनं तिच्या आईला विचारलं, काका चिडलेत का? कशावरून? तर मी 'ठीक आहे'च्या पुढे पूर्णविराम दिला होता. आमच्या शाळेत पूर्णविराम न देणाऱ्याचा अर्धा गुण कापायचे. आता देणाऱ्याशी संबंध कापतात. अंगठा दाखवणं त्याहून वाईट; आमच्या लहानपणी तो नाही म्हणायला दाखवायचे, मध्यंतरी त्याचा अर्थ शाबासकी झाला होता, आता पुन्हा 'चालता हो' झालाय. फोन तर करायचाच नाही. आधी 'फोन करू का?' असा मेसेज टाकायचा, मग तिकडून होकार आला की करायचा. हे ऐकून माझी आई म्हणाली, 'म्हणजे ट्रंक कॉल बुक करायचा, असंच ना?' एवढे उपग्रह आकाशात सोडून पोरं परत ट्रंक कॉलवर येऊन बसली!

मिस्ड कॉल हीसुद्धा एक भाषा होती, हे मी पुतणीला समजावून सांगितलं. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तिसरी वाजली तर उचल, पैसे गेले तरी चालतील. एक पैसा न खर्चता आम्ही संसार केले. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. किती क्यूट, म्हणाली.

याच पुतणीनं मागच्या नवरात्रात मला विचारलं, 'काका, सोसायटीत नाइन्टीज थीम आहे. तुमचा तो जुना चौकटीचा शर्ट द्याल?' मी म्हटलं, कुठला गं? ती म्हणाली, 'घातलाय तो.'

'बूमर' ही पदवी मला सेंट्रल पार्कात मिळाली. पहाटे तिथे दुधी-कारल्याचा रस पिणारे आणि हसण्याचा व्यायाम करणारे असतात; ऊन चढलं की रीळवाली मुलं येतात. मी बाकावर बसलो होतो. एक मुलगा म्हणाला, 'अंकल, जरा साइडला घ्या ना, फ्रेममध्ये येताय.' मी सरकलो. तो म्हणाला, 'अजून थोडं.' मी आणखी सरकलो. बाक संपला. तेव्हा मी जे काही बोललो ('आमच्या वेळी' असे दोन शब्द त्यात होते, हे मान्य करतो) त्यावर त्यातली एक मुलगी दुसरीला हळूच म्हणाली, 'बूमर!' घरी येऊन शोधलं. बूमर म्हणजे १९४६ ते १९६४च्या दरम्यान जन्मलेले. मी १९७०चा! सहा वर्षांनी निर्दोष! दुसऱ्या दिवशी ती मुलं पुन्हा दिसली तेव्हा मी जवळ जाऊन सनावळीसकट हे त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण बूमर नाही हे तारखांनिशी सिद्ध करायला फक्त बूमरच येतो, हे परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं.

तरुणांनी वडीलधाऱ्यांना म्हातारं करणं ही काही मोबाइलनंतरची गोष्ट नाही. आपल्याकडे त्याचा जुना आणि अव्वल दर्जाचा दाखला आहे, चांगदेवांचा. कथेप्रमाणे वय वर्षं चौदाशे. योगी, सिद्ध, मोठा शिष्यवर्ग. ज्ञानेश्वर नावाच्या एका पोराची कीर्ती कानावर आली म्हणून त्यांना पत्र लिहायला बसले आणि अडले ते पहिल्याच शब्दावर. मायना काय लिहायचा? मुलगा वयानं नातवंडांच्या नातवंडांएवढा, तेव्हा 'चिरंजीव' लिहावं. पण ज्ञानानं थोर, तेव्हा 'तीर्थरूप' लिहावं. दोन्ही लिहवेना, म्हणून कोरा कागदच पाठवला. आणि धाकट्या मुक्ताबाईनं कागद उलटसुलट बघून निकाल दिला, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला!

मी ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मुक्ताबाईच्या बाजूनं होतो. हल्ली चांगदेवांच्या बाजूचा झालोय. माणसाचा अडचणीचा मुद्दा खरा होता हो! आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलाला मेल लिहिताना मी आजही अर्धा तास मायन्यापाशी अडतो. 'प्रिय' लिहिलं तर भलताच अर्थ, 'आदरणीय' लिहिलं तर टोमणा, नुसतं नाव लिहिलं तर आवाज चढवल्यासारखं वाटतं, 'हाय' लिहायला बोट वळत नाही. एकदा तर चुकून रिकामाच मेल गेला. त्या मुलाचं उत्तर आलं, 'सर, अटॅचमेंट राहिली.' मुक्ताबाईपेक्षा सौम्य होतं, पण गोत्र तेच.

पुढे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भावंडांना भेटायला निघाले, आणि ही चौघं बसल्या भिंतीसकट समोरून चालत आली. या प्रसंगाचा अर्थ मला आमच्या पार्किंगमध्ये लागला. माझी चेतक स्कूटर म्हणजे वाघच. आधी डाव्या बाजूला कलती करायची, मग किक मारायची, चौथ्या किकेला ती गुरगुरते आणि दोन इमारती जाग्या होतात. मी असा गुरगुरत फाटकाशी आलो, तर समोरून आठव्या मजल्यावरचाच तो मुलगा. तोही चेतकवर! बजाजनं २०२०मध्ये चेतक पुन्हा आणली, विजेवरची. ना आवाज, ना धूर, ना किक. भिंतच चालत आली म्हणा ना. 'अंकल, सेम पिंच!' तो म्हणाला आणि आवाज न करता निघून गेला. चांगदेव तिथे वाघावरून खाली उतरले. मला उतरता आलं नाही. उतरलो असतो तर स्कूटर बंद पडली असती.

चांगदेवांच्या त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ज्या ओव्या लिहिल्या त्या मोजून पासष्ट. चांगदेव पासष्टी. एसटीनं अर्ध्या तिकिटाचा आकडा तिथूनच उचलला, असा माझा समज आहे आणि तो मी सोडणार नाही.

आता खारघरच्या जुन्या रहिवाशांकडे या सगळ्यावर एक शस्त्र असतं. समोर विशी-पंचविशीतलं कुणी आलं की ते काढायचं: 'आम्ही आलो ना, तेव्हा इथे काहीच नव्हतं.' हे वाक्य बोलताना उजवा हात डोंगराच्या दिशेनं फिरवायचा असतो. मग यादी सुरू. मेट्रो नव्हती, मॉल नव्हता, गोल्फचं मैदान नव्हतं, सातनंतर स्टेशनबाहेर रिक्षा नव्हती, आणि पांडवकड्याच्या धबधब्याला पावसाळ्यात आम्ही थेट जायचो, तेव्हा कुणी अडवत नव्हतं. (बंदी का आली, तिथे किती पोरं बुडाली, हे या यादीत घेत नाहीत.) माझ्या एका मित्राच्या आईनं सिडकोच्या 'स्पॅगेटी' नावाच्या वसाहतीत घर घेतलं तेव्हा गावाकडच्या बहिणीला पत्ता सांगताना तिची फार पंचाईत झाली होती. शेवटी 'शेवया समज' असं सांगून तिनं वेळ मारून नेली. अशा गोष्टी मी रंगवून सांगतो. वास्को द गामा कालिकतचं सांगत असेल तसा सांगतो.

परवाच्या रविवारी मी कोपरा गावाच्या बाजूला मासळी घ्यायला गेलो होतो. तिथे टोपली घेऊन एक आजी बसते. वय विचारायची हिंमत नाही, पण ऐंशीच्या अलीकडे नसावी. माझ्यापुढे एक तरुण जोडपं उभं होतं, नुकतंच खारघरला राहायला आलेलं. मुलगा मला म्हणाला, 'अंकल, तुम्ही इथले जुने दिसता. मांदेली ताजी आहे का, कसं ओळखायचं?' 'जुने' हा शब्द ऐकला आणि माझा उजवा हात आपोआप डोंगराकडे गेला.

'तुम्हाला सांगतो,' मी सुरू केलं, 'आम्ही आलो ना २००४ला, तेव्हा इथे काहीच नव्हतं.'

आजीनं कोयता थांबवला. मान वर केली.

'सगला होता,' ती म्हणाली. 'शेती होती, तला होता, आमचा घर होता. तूच नव्हतास, पोरा.'

जोडपं हसलं. मी हसलो नाही, कारण मी वाक्याचा शेवटचा शब्द ऐकत होतो. पोरा! ऐंशी वर्षांच्या अधिकारानं, चार लोकांत, बाजारात. मी आजूबाजूला पाहिलं, आणखी कुणी ऐकलं का म्हणून. केस मागे सारले. पोट आत घेतलं.

'काय रे, किती देऊ?'

घरातून निघताना पाव किलो सांगितलं होतं. मी दीड किलो मांदेली घेतली, शिवाय दोन वाटे बोंबील, शिवाय तिनं न विचारता वर टाकलेली कोळंबी, आणि भाव केला नाही. पिशवी जड झाली. त्या तरुण मुलानं हात पुढे केला, 'अंकल, मी धरतो ना.'

'राहू दे,' मी म्हणालो, आणि दर शंभर पावलांवर हात बदलत, घामाघूम होत ती घरापर्यंत आणली. लिफ्ट बंद होती. दीड किलो मांदेली साफ करायला बायकोला दोन तास लागले. एवढी कशाला आणली, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.